हळदीला हळू वाजलेलं गाणं

मुलीच्या मोबाइलवर ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गाण्याला ताप आलाय. कोणी एक मुलगी, सोबत फक्त गिटार, आणि प्रत्येक शब्द ओढून ओढून म्हटलेला. मूळ गाणं आमच्या लालबागमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या तरुणपणी त्याची कॅसेट आली आणि तेव्हापासून गणपतीचं आगमन असो, हळद असो, नाहीतर गल्लीतल्या क्रिकेटची ट्रॉफी असो, बेंजो पार्टीने ते वाजवलं नाही असं झालं नाही. होडी, शीड, वारा, एवढा मुखडा कानावर पडला की गुडघे धरून बसलेल्या बायकाही पदर खोचून उठतात. पुढची कडवी कोणाला येत नाहीत. मिरवणुकीत कडव्यांपर्यंत पोचतं कोण? मुखडा घोळवायचा आणि पुढच्या गाण्यावर उडी मारायची.

ते वाजवणारे बहुतेक वेळा आमचे हे असायचे. आठवडाभर ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो. तारांची लांबट पेटी, डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. माझं माहेर गिरगावातलं. आमच्याकडे बाजाची पेटी होती, आणि बेंजोला माझे वडील वाद्यात धरतच नसत. मीही फारसं धरलं नाही. दीड खोलीत रोज संध्याकाळी त्याच गाण्याचा सराव ऐकून माझे कान किटले होते, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगायचे. ते हसायचे आणि आणखी जोरात वाजवायचे.

मग त्यांना कंपवात झाला. आधी उजवा हात, मग डावाही. पार्टीत दुसरा वाजवणारा आला, बेंजो कपाटावर गेला आणि माझं आयुष्य गोळ्यांच्या वेळांवर चालायला लागलं. चहा अर्धा कपच भरायचा, शर्टाची बटणं आपण लावायची, भात कालवून द्यायचा. नोकरी होतीच. मला कोणी कशी आहेस विचारलं तर मी बरी आहे म्हणायचे, कारण खरं सांगायला बसले असते तर ऑफिसला उशीर झाला असता.

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा बंगळूरचा, म्हणजे ती तिकडेच जाणार. लग्नाची बोलणी चालू असतानाच ह्यांनी जाहीर केलं की हळदीला बेंजो आपणच वाजवणार. मी नको म्हटलं. सगळ्या चाळीसमोर ह्यांचा हात अडखळेल, लोक हसणार नाहीत पण कीव करतील, आणि ती ह्यांना सोसणार नाही, हे मला दिसत होतं. मुलीने मधला मार्ग काढला. ती म्हणाली, त्या मोबाइलवरच्या गाण्यासारखं हळू वाजवा. तिने ते त्यांना ऐकवलंही. दोन ओळींतच त्यांनी हात वर केला.

"हळदीक काय मयताचा वाजवू?" ते म्हणाले.

त्यांचंही चुकलं नव्हतं. आमच्याकडे हळद म्हणजे नाच. संथ सुरावर चालतात ते वेगळ्या प्रसंगाला.

हळदीच्या दिवशी चाळीच्या चौकात मांडव होता. मुलगी पाटावर बसलेली, बायका तिला हळद लावत होत्या, माझे हात कोपरापर्यंत पिवळे. ह्यांना खुर्ची दिली, पुढे टेबलावर बेंजो, मागे त्यांचे जुने दोस्त ढोल-ताशा घेऊन. बेंजो पार्टीत एक पद्धत असते. बेंजोवाला चुकला की ढोलवाल्यांनी आवाज चढवायचा. चूक गदारोळात बुडते आणि नाचणाऱ्यांचा ठेका मोडत नाही. याला ते सांभाळून घेणं म्हणतात, आणि वर्षानुवर्षं त्यांनी एकमेकांना असंच सांभाळलं होतं.

ह्यांनी मुखडा सुरू केला. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीत बोट बटणावरून घसरलं, आणि ढोल चढला. ह्यांनी पुन्हा पकडायचा प्रयत्न केला, पुन्हा निसटलं, ढोल आणखी चढला. दोस्तांची माया अशी की थोड्या वेळाने बेंजोचा एक सूरही ऐकू येईना. चौक नाचत होता. मी बघितलं तर ह्यांचे हात नुसते बेंजोवर ठेवलेले होते. ते वाजवायचे थांबले होते आणि ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

कीव मी गृहीत धरली होती. हे धरलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ गर्दीतून गेले आणि हळदीचे दोन्ही हात ढोलाच्या कातड्यावर दाबून धरले. ढोलवाला ह्यांचा लहानपणचा मित्र. तो गोंधळला.

"वहिनी, सांभाळून घेतोय ना त्याला," तो म्हणाला.

"तेच नको," मी म्हटलं.

चौक थांबला. नाचणाऱ्या बायका हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता उठून घरात जातील. पण त्यांनी मान खाली घातली आणि बोटं जेवढी ऐकत होती तेवढ्यावर वाजवायला लागले. एक बटण, थांबणं, मग दुसरं. तेच गाणं, पण ओळखू येईना. मुखडा संपला तरी ते थांबले नाहीत, कडव्यात शिरले. आणि पाटावरून मुलगी म्हणायला लागली. तिला गळा नाही. मोबाइलवर ऐकून पाठ झालेले शब्द ती बापाच्या बोटांच्या चालीने म्हणत होती. कडव्यात एक पोर खाडीपलीकडे दिलेली आहे. ती घरच्यांना सांगते, मला पोचवायला धक्क्यावर येऊ नका. तुम्ही दिसलात तर माझा पाय होडीत पडायचा नाही.

इतकी वर्षं हे त्या गाण्यात होतं. माझ्या शेजारच्या काकींनी हळदीच्याच हाताने डोळे पुसले. त्यांच्या मागच्या दोघी मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला रडू आलं नाही. मी इतकी दमलेली होते की रडण्याइतकं बळही उरलं नव्हतं. गाणं संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग ढोलवाल्याने दुसरं काही तरी जोरात सुरू केलं आणि हळद पुन्हा हळदीसारखी झाली.

मी ह्यांना खोलीत आणून पलंगावर बसवलं. ते हिरमुसले होते.

"कोणच नाचूक नाय गो," ते म्हणाले.

मी म्हटलं, कोण नाचणार, सगळ्या रडत होत्या.

"रडण्यासारख्या काय आसा त्येच्यात?"

तेव्हा मला कळलं की ह्यांनी शब्द ऐकलेच नव्हते. आजही नाहीत आणि कधीच नाहीत. जन्मभर ते गाणं वाजवलं, पण त्यांचं सगळं लक्ष बोटांत. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ते कडवं साध्या बोलण्यात सांगितलं. खाडी, होडी, धक्का, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेर ढोल वाजत होता.

मग म्हणाले, "उद्या पाठवणीक गाडीपर्यंत तूच जा. मी हॉलातच बसतंय."

मला त्यांचा राग आला. इतक्या दिवसांत आला नव्हता इतका.

"आणि मला कोण धरणार?" मी म्हटलं.