कोबा वाळेना

ओळंबा हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. तीस वर्षं लोकांच्या परसात बॅडमिंटनची कोर्टं घालून दिली आणि एकाही कोर्टाची रेघ तसूभर हलली नाही, म्हणून गवंड्यांनी भिंत सरळ आहे का बघायच्या दोरीचं ते नाव त्याला चिकटवलं. रेघा सरळ राहिल्या, गुडघे मात्र कामातून गेले. उकिडवं बसून उठताना ओळंबा आधी देवाला हाक मारायचा, मग बायकोला, आणि दोघंही येत नाहीत म्हटल्यावर भिंत धरायचा.

डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, यापुढे उकिडवं बसणं बंद. म्हणजे मास्तरांच्या परसातलं कोर्ट शेवटचं. त्याचा रंग आपल्या हातानं चढवायचा, पांढऱ्या रेघा आपल्या हातानं मारायच्या, मग खुशाल कापा म्हणायचं, एवढीच त्याची इच्छा. बायको म्हणाली, माझा भाऊ हेच काम करतो, त्याला सांगा की. त्यावर ओळंब्याचं म्हणणं असं की मेहुण्याच्या रेघेवरून चालत गेलं तर माणूस शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचतो.

पण मास्तरांचा कोबा वाळेना.

हवाच तशी. दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओला राहायचा, काडेपेटीतल्या दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटायची. तरी महिन्याभरात कोबा वाळतो, हा ओळंब्याचा अनुभव. इथं दोन महिने होत आले. दर आठवड्याला तो हातभर प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून बघायचा. दर वेळी खाली थेंब, म्हणजे आत ओल आहेच. त्यानं कडेनं चर खणला. हवेला शिव्या दिल्या, जमिनीला दिल्या, मग स्वतःला. जमिनीतली ओल अडवायला कोब्याखाली प्लास्टिक अंथरलं तेव्हा सांधा नीट बसवला होता ना? की हातही गुडघ्यांच्या वाटेनं निघाले?

मास्तरांना घाई. "वरून तर खडखडीत आहे. लावून टाका रंग."

"रंग बसेल हो. महिन्याभरात फोड येतील. तेव्हा मी पाय वर करून पडलेला असेन."

आता मास्तरांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. सांगू नये, पण सगळ्या गल्लीला ठाऊक होती. या कोर्टापायी वहिनींची गुलाबाची सहा झाडं गेली होती, आणि त्या दिवसापासून नवराबायकोत अबोला होता. जेवण तयार झालं की वहिनी झाकण आपटायच्या. चहात साखर कमी पडली तर मास्तर सकाळी दूधवाल्याला सांगायचे, आणि दूधवाला इमानानं आत पोचवायचा.

ऑपरेशनला नऊ दिवस उरले तेव्हा ओळंब्याला रक्त तपासायला जावं लागलं, आणि एरवी सकाळी येणारा माणूस भर दुपारी आला. मास्तर आत घोरत होते. वहिनी पाइप धरून कोब्याला पाणी मारत होत्या. कोपरान्‌कोपरा, मन लावून, फक्त प्लास्टिकचा तुकडा तेवढा चुकवून.

"वहिनी, हे काय?"

"पाणी. तुम्हीच म्हणालात ना, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही? एक दिवस चुकवला नाही. ताप होता तरी."

"अहो, चौदा दिवसांनी बंद करा म्हणून सांगितलं होतं मी. मास्तरांना."

वहिनींनी नळ बंद केला. "मग त्यांना सांगितलंत. मला कुठं?"

ओळंबा तिथंच कडेला बसला. हात शाबूत आहेत, हे कळूनही त्याला हसू आलं नाही. दुपारचं पाणी कोबा पिऊन घ्यायचा, सकाळपर्यंत वर मागमूस नाही. आता पुढं किमान तीन आठवडे.

आवाजानं मास्तर बाहेर आले. सगळं ऐकल्यावर ते ओळंब्याला म्हणाले, "यांना म्हणावं, विचारायला काय झालं होतं?"

वहिनीही ओळंब्यालाच म्हणाल्या, "यांना म्हणावं, सांगायला काय झालं होतं?"

"मी दूधवाला नाही," ओळंबा म्हणाला.

मग मास्तर जरा मऊ होऊन म्हणाले, फोड आले तर आले, मी तक्रार करणार नाही, तुम्ही आपल्या हातानं संपवा. हिरव्या रंगाचे डबे व्हरांड्यात तयार होते. चार दिवसांचं काम. ओळंब्यानं कोब्यावर तळवा टेकला. ओल्या फडक्यासारखा गार. त्यानं तळवा विजारीला पुसला आणि मेहुण्याला फोन लावला. "तीन आठवड्यांनी ये. वाळला असेल तरच हात लाव."

पाऊस दिसला की ताडपत्री ओढायचं काम घरातल्या दोघांवर आलं. ती चार हातांशिवाय हलेना, त्यामुळे दोघं बोलायला लागली, म्हणजे भांडायला लागली.

ऑपरेशन झालं. मेहुण्यानं रंग चढवला. रेघांच्या दिवशी ओळंबा रिक्षानं आला आणि खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून बघत राहिला. मेहुणा उकिडवा सरकत सरकत पलीकडच्या कडेपर्यंत गेला आणि त्यानं तिथूनच विचारलं, "दाजी, हलली का कुठं?"

ओळंब्यानं एक डोळा मिटून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा न्याहाळली. काही सापडेना.

"भार टाचेवर दे," तो म्हणाला. "गुडघ्यावर नको."