शिवणवर्गाच्या पाटीमागं

एकट्या माणसाकडं किस्से फार साठतात. संसारी बायकांचे किस्से रोज जेवताना खर्च होतात. माझ्या ताटासमोर मीच, त्यामुळं माझा एकही खर्च झाला नाही. आज तुम्ही सगळ्या आयत्याच सापडल्या आहात, चहाही टाकलाय, तर ऐकाच.

मी तेव्हा नगरला नर्स होते. दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या चर्चच्या परिषदेत ठराव आला की मनोरुग्ण आणि अपंगांसाठी चर्चनं स्वतंत्र विभाग काढावा. ठराव एकमतानं पास झाला, टाळ्याही झाल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, हा विभाग चालवणार कोण? त्याबरोबर सगळी परिषद छताकडं बघायला लागली. मी बघितलं नाही, कारण मी चहा ओतत होते. तेवढ्यात एक जण म्हणाले, "सिस्टरना द्या. त्यांना घरचा व्याप नाही."

लग्न न होणं हे सुद्धा क्वालिफिकेशन असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

विभागाला चर्चमागची खोली मिळाली. आत नाताळचे जुने कागदी तारे आणि एक बाक, त्याचाही पाय मोडलेला. चिटणीस हसत म्हणाले, अपंगांच्या विभागाला हाच शोभतो. मी बाकाखाली विटा लावल्या आणि बसले.

* * *

दारावर मोठी पाटी रंगवून घेतली: 'मानसिक आरोग्य व अपंग सेवा विभाग'. रोज सकाळी खोली झाडायची, बाक पुसायचा आणि वाट बघायची. कोणीही आलं नाही. एकदा एक गृहस्थ आत आले, टोपी काढून बसले. मी पुढं सरकले, आवाज मऊ केला आणि म्हटलं, "मोकळेपणानं बोला." ते म्हणाले, "पारनेरची एसटी कितीला हाय?"

शेवटी मी पाटी उतरवली आणि 'शिवणवर्ग' अशी नवी लावली. एक जुनं मशीन आणून ठेवलं. मग बायका यायला लागल्या. हातात परकराचं कापड, आणि टीप घालता घालता खालच्या आवाजात, "सिस्टर, माझ्या जावेचा एक मुलगा आहे..." जावेचा म्हणजे स्वतःचा, हे मशीनलासुद्धा कळायचं.

पुढच्या परिषदेत अहवाल वाचला गेला. शिवणवर्ग जोरात आहे म्हणून माझं अभिनंदन झालं, आणि दुसऱ्या विभागाकडं कोणी फिरकत नाही तर तो बंद करावा, अशी सूचना आली!

* * *

मग मी गावोगाव निघाले. नेवासा, पाथर्डी, जिथं जिथं आमचं चर्च तिथं. प्रत्येक गावात एकच उत्तर. आमच्या गावात असलं कोणी नाही, पुढच्या गावात मात्र आहेत. पुढच्या गावात गेलं की ते मागच्या गावाकडं बोट दाखवायचे. सगळा जिल्हा शहाणा, आणि मी एकटीच उन्हातान्हात हिंडणारी वेडी.

पाथर्डीकडच्या एका गावी साळवे मास्तरांच्या घरी उतरले. मास्तर शाळेत शिकवायचे आणि तिथल्या चर्चचे पंच होते. आवाज असा की माईकची गरज नाही. जेवण झालं. थोरला मुलगा योहान काय करतो म्हणून मी विचारलं. हा पोरगा पूर्वी भजनाला फार सुंदर पेटी वाजवायचा. मास्तर म्हणाले, तो मुंबईला नोकरीला आहे, सुट्टी मिळत नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडं पेटी वाजायला लागली. मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "रेडिओ आहे."

आम्ही दोघं रेडिओ ऐकत राहिलो. थोड्या वेळानं रेडिओ थांबला आणि म्हणाला, "आये, पानी दे."

चुलीपाशी बसलेल्या मास्तरीणबाई तांब्या घेऊन उठल्या. मास्तरांनी विषय पावसावर नेला. परतीच्या एसटीत मला ती हाक पुनःपुन्हा ऐकू येत होती. मी तेव्हाच ठरवलं की विभाग राहो नाही तर बुडो, हा पोरगा एकदा तरी सगळ्यांसमोर चर्चमध्ये बसला पाहिजे.

* * *

मध्येच दगडूमामांचं सांगते. त्यांचे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले, हातावर सरकत यायचे. नगरच्या चर्चला पायऱ्या उंच, म्हणून मामा वर्षानुवर्षं खिडकीखाली लिंबाच्या सावलीत बसून उपासना ऐकायचे. मी पंचांच्या मागं लागून पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला. पहिल्या रविवारी त्यावरून खजिनदारांची सायकल चढली, दुसऱ्या रविवारी दोन शेळ्या. तिसऱ्या रविवारी मामा आले.

उपासना झाल्यावर मी मोठ्या हौसेनं विचारलं, "मामा, आत बसून कसं वाटलं?"

"बाहीर वारं चांगलं हुतं," मामा म्हणाले.

माझा चेहरा पडला. पण पुढच्या रविवारी मामा परत आतच! मी म्हटलं, वारं सोडून कसे आलात? तर म्हणाले, "आत सलाम करताना समदी हात मिळवत्यात. खिडकीखाली हात मिळवाया कोन येतंय?"

* * *

मास्तरीणबाई एक दिवस शिवणवर्गाला आल्या. कापड आणायचंही सुचलं नव्हतं, पदराचंच टोक मशीनखाली धरलं आणि रडायला लागल्या. महिन्यातून एकदा पुण्याहून डोक्याचे डॉक्टर नगरला यायचे. त्यांना दाखवायचं ठरलं. नेवाशाला माहेरी जाते असं मास्तरांना सांगून बाई योहानला घेऊन आल्या. गोळ्या सुरू झाल्या. मास्तरांचा विश्वास फक्त प्रार्थनेवर, म्हणून बाई गोळी कुस्करून योहानच्या पिठल्यात घालायच्या.

एका रविवारी वाट्या बदलल्या.

त्या दिवशी उपासनेत संदेश द्यायची पाळी मास्तरांची. बायबलमधलं वचन वाचून झालं, मास्तर खुर्चीत टेकले आणि त्यांचे डोळे मिटले. मास्तर मौन प्रार्थनेत गेले असं समजून सगळ्या चर्चनं डोळे मिटले. बराच वेळ भक्तिभावाची शांतता होती. मग मास्तर घोरायला लागले.

दोन दिवसांनी मास्तर माझ्या खोलीच्या दारात उभे. मला वाटलं, आता हा आवाज सगळ्या नगरला ऐकू जाणार. पण ते विटांवरच्या बाकावर बसले आणि हळू म्हणाले, "बायकोनं सगळं सांगितलं. सिस्टर, ती गोळी मलाही मिळेल का? योहान आजारी पडल्यापासून मी असा झोपलो नव्हतो."

मी म्हटलं, तुम्हाला गोळी नको. त्याला चर्चमध्ये आणा, झोप आपोआप लागेल. त्यावर मास्तर उठले. "घरात काय करायचं ते करा. चर्चमध्ये नको. माझा शब्द चालतो अशी तेवढी एकच जागा उरलीय."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसतं वाईट वाटलं.

* * *

त्या नाताळात माझ्याकडं फराळाचं एकही ताट आलं नाही. आधी मला कळेना, माझं चुकलं काय. मग उमगलं. आपल्यात ताट रिकामं परत करत नाहीत. आणि भरलेलं ताट परत द्यायला मी घरात येणार, आतल्या खोलीकडं माझी नजर जाणार. त्यापेक्षा ताट न पाठवलेलं बरं!

मी माझ्या करंज्या मीच खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, पण तसं म्हणायला कोणी नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. दाराआड ठेवलेल्या सगळ्या माणसांबरोबर मलाही कोणीतरी दाराआड ठेवलंय, असं वाटलं.

* * *

आता शेवटचा किस्सा. दुष्काळाच्या वर्षी मास्तरांच्या गावी हंगामाचा सण होता. शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही आपली पद्धत. त्या वर्षी पीक कुठलं? सगळं गाव खडी फोडायला जात होतं. तरी लोकांनी आणलं. कोणी दोन अंडी, कोणी ओंजळभर बाजरी. मास्तरीणबाईंनी मोरीच्या पाण्यावर वाढलेला एक भोपळा आणला, आणि भोपळ्यामागून योहानला. दोघं शेवटच्या सतरंजीवर माझ्याशेजारी बसले. भोपळ्याला रोज पाणी घालून वाढवणारा योहानच होता.

लिलाव पुकारायला दरवर्षीप्रमाणे मास्तर. त्यांनी आम्हाला बघितलं आणि पुन्हा मागं बघितलंच नाही. अंडी गेली, बाजरी गेली. भोपळ्याला एक रुपयाची बोली आली, मग दीडची. मास्तरांनी "दीड रुपया, एक वार" म्हटलं, तेवढ्यात माझ्याशेजारून आवाज आला, "पाच रुपये."

सगळ्या माना वळल्या. मास्तर मात्र भोपळ्याकडं बघत होते.

आपल्याकडं बोली लावणाऱ्याचं नाव पुकारावं लागतं. नाव नाही तर बोली धरत नाहीत. उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांनी हळूच आठवण करून दिली, "मास्तर, नाव घ्या." मास्तरीणबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"पाच रुपये," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्या रांगेलाही जेमतेम पोचला. "योहान शांतवन साळवे. माझा थोरला."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आनंदानं विचारलं, "व्हय का? मुंबईवरनं कधी आला?"

मास्तर म्हणाले, "गेलाच न्हवता. घरातच हुता."

मास्तर तसेच उभे, पुढचं पुकारायचंही विसरले. तेव्हा योहान उठला, सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत पुढं गेला आणि बापाच्या समोर उभा राहून म्हणाला, "दादा, तीन वार म्हना की. त्याबिगर भोपळा माझा कसा व्हईल?"