दुःखाची गाणी नगं

काही कार्यक्रम दुपारी सुरू होऊन संध्याकाळी संपतात, आणि काही संपतच नाहीत. आमच्या शाळेचा तो कार्यक्रम दुसऱ्या जातीतला. मांडव त्याच आठवड्यात उतरला, खुर्च्या ज्याच्या त्याला परत गेल्या, पण आजही आम्ही जुन्या शिक्षिका एखाद्या लग्नात भेटलो, की जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते काळे सरांचं आठवतं का?" झालं! मग वाढपी जिलबी घेऊन उभा, आणि आमचं कुणाचं ताटाकडे लक्ष नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पिंपळीच्या पुढं आमची शाळा, मी तिथं मराठी शिकवायचे. माझी मैत्रीण मीनाबाई शिवण शिकवायची. बारामतीत एक लहानसं घर होतं, सासरची मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बायकांसाठी चालवलेलं. मीनाबाई दर रविवारी तिथं शिवण शिकवायला जायची. एका सोमवारी ती स्टाफरूममध्ये आली आणि पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "यंदाचं गॅदरिंग त्या बायकांच्या मदतीसाठी करायचं."

तिथून सगळं सुरू झालं.

* * *

पहिलं भांडण नावावरून. मीटिंगला हेडसर, मीनाबाई, मी, पीटीचे काळे सर आणि शाळा कमिटीचे चेअरमन आबा. आबा म्हणजे पांढरं धोतर, वीस एकर ऊस आणि तोंडात कायम सुपारी.

हेडसरांनी नाव आधीच ठरवून आणलं होतं. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "अबला सहाय्य संगीत समारोह!"

मीनाबाई शांतपणे म्हणाली, "सर, त्यातली एक बाई निमगाव केतकीहून बारामतीपर्यंत पायी आलीय. कडेवर पोर, पायात चप्पल नाही. ती अबला?"

"अहो, तसा रूढ शब्द आहे तो."

"आणि तुम्ही, सर, स्टाफरूममधून ऑफिसात जाताना ऊन लागतं म्हणून छत्री उघडता!"

आबांची सुपारी घशात अडकली. अबला तिथंच बाद झाली.

* * *

शेवटी नाव ठरलं ते लांबलचक. 'मारहाण सोसून उभ्या राहिलेल्या महिलांच्या मदतीसाठी शाळेचा संगीत कार्यक्रम.' कापडी फलक रंगवायला बारामतीच्या पेंटरकडे दिला.

पेंटर मोठा उत्साही. पहिला शब्द त्यानं लाल रंगात, हातभर उंचीचा काढला. 'मारहाण'! मग त्याच्या लक्षात आलं की जागा संपत आली. मधला सगळा मजकूर मुंगीएवढा झाला आणि खाली परत मोठ्या अक्षरात 'संगीत कार्यक्रम'.

फलक एसटी स्टॉपसमोर लागला. रस्त्यावरून दोनच गोष्टी वाचता यायच्या. मारहाण. संगीत कार्यक्रम.

हेडसर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता उतरवा!"

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. गर्दी व्हईल."

झालीच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगवीचे एक म्हातारे सायकल ढकलत शाळेत आले आणि त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, गाणी चारला हायत ते कळलं. मारहाण किती वाजता हाय?"

* * *

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं. नाव ठरल्यावर मी आणि मीनाबाई त्या घरी गेलो, रीतसर आमंत्रण द्यायला. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, कुणी मटार सोलतंय, कुणी काजं करतंय. मी वर्गात बोलते तशी बोलले. मुली गातील, आम्ही शिक्षक एक-दोन गाणी बसवू, तुम्ही सगळ्या पहिल्या रांगेत बसायचं, तुमचा सत्कार होईल.

एक उंच, काळीसावळी बाई मटार सोलायची थांबली. निमगावहून पायी आलेली हीच, रुक्मिणी.

"म्हंजी तुमी आमच्यासाठी गाणार," ती म्हणाली, "अन् आमी काय करायचं? रडायचं?"

मीनाबाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

"आमीबी गाणार," रुक्मिणी म्हणाली.

मी घाईघाईनं म्हटलं, "जरूर, जरूर! मी गाणी निवडून ठेवलीत." आणि माझ्या निवडीतलं पहिलंच गाणं वाचून दाखवलं. माहेराला पारखी झालेली लेक, डोळ्यांत पाणी, वगैरे वगैरे.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, दुःखाची गाणी नगं. ती आमाला पाठ हायत."

* * *

गाण्याबरोबर त्यांना लेझीमही खेळायची होती. शिकवायला काळे सर. सहा फूट उंची, गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी. छडीनं ते मुलांना मारत नसत, हवेत उंच उचलून ताल देत. सवयच होती.

पहिल्या दिवशी बायका शाळेच्या मैदानावर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या. सरांनी शिट्टी फुंकली आणि छडी उचलली.

पुढच्या रांगेत संगीता नावाची एक बाई होती, विशीतली. ती एकदम खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर. लेझीम मातीत पडली.

काळे सरांचा हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला. त्यांनी छडी कुंपणापलीकडच्या उसात फेकून दिली. शिट्टी काढून खिशात घातली. मग दोन्ही हातही खिशात घातले आणि म्हणाले, "ताई, उठा. आजपासून माझे हात हितंच. मी मान हलवीन, तसं करायचं. उजवीकडं मान, की उजवा पाय."

संगीता उठली.

त्या दिवसापासून कार्यक्रमापर्यंत काळे सरांनी सगळी लेझीम मानेनं शिकवली. डावीकडं, उजवीकडं, खाली, वर. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सरांच्या अंगात आलंय.

कार्यक्रमाच्या दिवशी सर गळ्याला पांढरा पट्टा लावून आले. हेडसर घाबरले, "काळे, काय झालं हो? अ‍ॅक्सिडेंट?"

सर अख्खे वळून म्हणाले, कारण नुसती मान वळेना, "नाही सर. लेझीम!"

* * *

तिकीट ठेवायचं नाही, अशी मीनाबाईची अट होती. त्या घरात येणारी प्रत्येक बाई अंगावरच्या लुगड्यानिशी आलेली, भांड्याकुंड्यांची वानवा. म्हणून तिनं गावात सांगितलं, "येताना एक भांडं आणा. ते तुमचं तिकीट."

आपल्याकडे भांड्यांची गंमत तुम्हाला माहीत आहे. लग्नात आहेर आलेलं पातेलं कुणी वापरत नाही. ते माळ्यावर जातं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला आहेर होतं. वर नाव मात्र पहिल्या देणाऱ्याचं कोरलेलं. तशी माळ्यावरची सगळी भांडी त्या दिवशी खाली उतरली! दारात तांबे, परात, पातेली, डबे यांचा डोंगर.

संगीता ती लावून ठेवत होती. मध्येच एक मोठं पातेलं हातात घेऊन ती थबकली. काठावरचं नाव वाचलं, परत वाचलं, आणि इतकी हसायला लागली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मी तिला तोवर कधी हसताना बघितलंच नव्हतं.

"काय गं?"

"बाई, ह्यो माझा सासरा!"

कुणाच्या तरी लग्नात त्यांनी दिलेलं पातेलं चार घरं फिरून नेमकं तिच्या हातात आलं होतं. मी म्हटलं, "नको असलं तर बाजूला ठेवू आपण."

"न्हाय न्हाय! ऱ्हाऊ द्या!" तिनं ते छातीशी धरलं. "लय वर्सं त्यांनी मला घासायला लावलं. आता रोज मी त्यास्नी घासते!"

* * *

आता जरा काळजीचं. कार्यक्रमाच्या तोंडावर निमगावहून निरोप आला की रुक्मिणीचा नवरा, संपत, तिला न्यायला येणार आहे. 'न्यायला' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. मीनाबाईनं तिला विचारलं, "तू घरीच थांबतेस का?"

रुक्मिणी म्हणाली, "मी का म्हणून? त्यो गाणार हाय का?"

पण पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

संपत आला. मोटरसायकलवर, दोन दोस्तांना घेऊन. फाटकातून आत पाऊल टाकतोय तोच आबा हात जोडून समोर. "या, या, पावणं! लांबून आलात!" आणि त्याला कळायच्या आत त्याचा दंड धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला पट्टा लावलेले काळे सर. दोस्त मागं.

तेवढ्यात हेडसरांचं भाषण सुरू झालं. सरांचं भाषण म्हणजे पंचक्रोशीला धाक! दरवर्षी कुणीतरी त्यांना 'आवरा' म्हणून चिठ्ठी पाठवायचं. त्या दिवशी आबांनी चिठ्ठी पाठवली, 'चालू ठेवा.'

सरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. नोकरीच्या उभ्या आयुष्यात असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मग काय विचारता! स्त्रीशिक्षण झालं, ग्रामस्वच्छता झाली, ठिबक सिंचन झालं. संपतचे दोस्त चहा पिऊन येतो म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. संपतही दोन-तीनदा उठू लागला, पण दर वेळी आबांचा हात त्याच्या मांडीवर पडायचा.

"बसा, पावणं. सर अजून मुद्द्यावर यायचं हायत!"

* * *

सर मुद्द्यावर आले आणि लाइट गेली. मग मुलींचं स्वागतगीत कुणाला ऐकू गेलं नाही. माझंही गाणं पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचलं नाही, ते बरंच झालं. गर्दी चुळबुळायला लागली. मारहाणही नाही, गाणंही नाही!

रुक्मिणी स्टेजवर आली. समोर संपत बसलेला तिनं बघितला. क्षणभर तिथंच थांबली. मी विंगेतून म्हटलं, "माइक बंद आहे गं, लाइट येईपर्यंत थांबूया का?"

ती माझ्याकडे वळली. "बाई, आमच्या म्हायेरी मेंढरं हुती. मेंढरं कुणी माइकवर बोलवत न्हाय."

आणि तिनं आवाज लावला. रस्त्यापलीकडच्या एसटी स्टॉपवरची माणसं उठून उभी राहिली, असा आवाज!

"माळ उन्हाचा तुडवला, नव्हती पायात वहाण
चालता चालता बाई, माझं मला आलं भान"

मागच्या बायकांनी ओळ उचलली. मग मांडवातल्या बायकांनी उचलली. गावात कुणाच्या तोंडी नसलेली ओवी, तिनं स्वतः जोडलेली, पण तिसऱ्यांदा आली तेव्हा पोरीबाळींसकट सगळ्या म्हणत होत्या. आबांनी संपतच्या मांडीवरचा हात काढून घेतला. आता धरून ठेवायची गरजच राहिली नव्हती. संपत खाली मान घालून बसला होता.

गाणं संपल्यावर तो उठला, कुणी अडवलं नाही. बाहेर जाऊन बघतो तर मोटरसायकल नाही. ती दोस्ताची होती आणि दोस्त कधीच गेले होते.

चालत गेला.

* * *

शेवटचं सांगते आणि थांबते.

उन्हं कलली होती. आबांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली फाटकाशी उभी. आत भांड्यांचा ढीग आणि भांड्यांवर, भांड्यांमध्ये, जागा मिळेल तिथं बायका. लेझमी वाजतायत, संगीता पातेलं मांडीवर घेऊन बसलीय, सगळ्या एकदम बोलतायत. रुक्मिणी पोराला वर चढवून स्वतः चढणार, तेवढ्यात ती थांबली.

फाटकाच्या खांबाला टेकून एक म्हातारी उभी होती. हिरवं जुनेर, काखेत कापडाचं गाठोडं. आम्ही कुणी तिला मांडवात बघितलं नव्हतं.

"सासू," रुक्मिणी एवढंच म्हणाली.

ट्रॉलीतला गलका थांबला. मीनाबाई लगबगीनं पुढं होऊन दोघींच्या मध्ये उभी राहिली. काळे सर अख्खे वळले. आता म्हातारी शिव्या देणार, छाती पिटणार, पोराला ओढणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

म्हातारी मीनाबाईला वळसा घालून रुक्मिणीपुढं आली. तिनं गाठोडं ह्या काखेतून त्या काखेत घेतलं. डोक्यावरचा पदर जरा मागं सरला, कपाळावरचा काळानिळा वळ दिसला, तसा तिनं पदर पटकन पुढं ओढला.

"रुक्मे," ती म्हणाली, "तितं अजून एक जागा हाय का गं?"

रुक्मिणीनं म्हातारीच्या काखेतलं गाठोडं घेतलं, ट्रॉलीत ठेवलं आणि वर बघून ओरडली,

"सरका गं जरा!"