खणातली इंग्रजी यादी

तोफमास्तरांनी यादी बायकोपुढे टेबलावर आपटली, तशी कपबशी नाचली. "हे बरोबर कसं आलं? सांग मला, हे बरोबर आलंच कसं?"

बरोबर आलं म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही! पण तोंडाच्या तोफेमुळे तोफमास्तर झालेल्या मास्तरांचा राग खोटा नव्हता. सव्वीस वर्षं ते भौतिक रसायनशास्त्रातले इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये आणत होते, स्पॅनिशमधून शिकणाऱ्या पोरांच्या कोशासाठी. रीत ठरलेली. इंग्रजी यादी मास्तरांच्या खणात, आणि नुसते स्पॅनिश शब्द बायकोच्या हातात. तिने मूळ यादी न बघता ते परत इंग्रजीत आणायचे. जुळला तर शब्द कोशात जायचा, नाहीतर पुन्हा डोकेफोड. बाईंच्या दोन्ही भाषा पक्क्या होत्या. जहाज कंपनीच्या कचेरीत पत्रं लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आज मास्तरांची नजर घसरली होती. गोठणबिंदूसमोर त्यांनी चुकून उत्कलनबिंदूचा स्पॅनिश शब्द लिहिला. आणि बाईंकडून इंग्रजीत परत आला तो गोठणबिंदूच!

"तू खण उघडतेस."

"उघडते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आंघोळीला गेलात की."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं! अगं, सोमवारी कोश छापायला जातोय! ही तपासणी नाही, नक्कल झाली नक्कल! पोरं चुकीचं शिकतील त्याचं काय? माझ्या कामाची पार माती केलीस तू!"

"ओरडा, अजून ओरडा!" बाईही आता भडकल्या. "शब्द जुळला नाही की शिव्या मला. चूक तुमची असली तरी मलाच. त्या दिवशी तर माझ्या बहिणीसमोर पेपरवेट भिरकावलात. तेव्हाच ठरवलं, खड्ड्यात गेला तो कोश, मला घरात शांतता हवी."

"न जुळणं हीच तर तपासणी असते!"

"मग न जुळल्यावर मला का खायला उठायचात?"

मास्तरांनी छापखान्याला फोन लावला, सोमवारचं काम थांबवायला सांगितलं, आणि पलीकडच्या बिचाऱ्या माणसावर उगाच खेकसले. मग खणाला कुलूप घालायला गेले, पण हात मागे घेतला. नऊ वर्षांपूर्वीचा नुसत्या स्पॅनिश शब्दांचा पहिला कागद काढून त्यांनी बाईंपुढे सरकवला आणि समोर खुर्ची ओढून बसले.

बाईंनी पेन्सिल उचलली. पहिला शब्द वाचला, थोडा विचार केला आणि इंग्रजीत लिहिला. मास्तरांनी आपली इंग्रजी यादी पाहिली. जुळत नव्हता.

राग सवयीने सरसरत वर आला. त्यांनी तोंड उघडलं मात्र, बाईंचं कोपर आपोआप चेहऱ्याआड गेलं.

मास्तरांनी यादी उपडी ठेवली. मग जमेल तितक्या हळू म्हणाले, "नाही जुळला. माझा शब्द चुकला असेल."

बाईंनी कोपर खाली घेतलं नाही.