प्रवेशाआधीची धडधड

भीतीचं एक बरं असतं. ती अंगात असते तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही आणि एकदा उतरली की तोंड बंद होत नाही. आम्ही तिघी अलिबागच्या एसटी स्टँडसमोर चहाला बसलो की हेच होतं. एक जण म्हणते, "तो सांगाड्याचा दिवस आठवतो का?" दुसरी म्हणते, "थांब, त्याच्याआधी ते शर्टाचं सांग." आणि तेवढ्यात मुरूडची गाडी निघून जाते.

तिघी म्हणजे मी, नसीमा आणि प्रमिलाताई. मी काशीदच्या अलीकडची, आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. नसीमा मुरूडची, बारावी सायन्स करून घरी बसलेली. प्रमिलाताई पेणकडच्या खारेपाटातली, आम्हा दोघींपेक्षा बरीच मोठी, नवरा ट्रकवर आणि मुलं शाळेत. तिघींनाही एकाच कोर्सला जायचं होतं, ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या. त्याला आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. शिवाय एखाद्या थेरपी सेंटरवर बसून काम पाहिल्याचा दाखला हवा. त्या दाखल्यापायी आम्ही अलिबागला चित्रे मॅडमच्या सेंटरवर एकत्र आलो. एकमेकींची नावं नीट पाठ व्हायच्या आधी एकमेकींची भीती पाठ झाली.

*

माझी पहिली भीती म्हणजे कोर्सचं नाव कुणाला सांगायचं.

माणगावचे मामा घरी आले होते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आई कौतुकानं म्हणाली, "मेधा कोर्स करणारे." मामांनी नाव विचारलं. मी सांगितलं.

"ऑक्युपेशन म्हणजे धंदा ना?"

"हो."

"आणि थेरपी म्हणजे उपचार. म्हणजे धंद्यावर उपचार? मग आधी माझ्याच दुकानात ये."

सगळे हसले. मग मी नीट सांगितलं. अर्धांगाचा झटका आलेला माणूस, हात मोडलेला माणूस, त्याला परत आपला आपण शर्ट घालता यावा, जेवता यावं, आंघोळ करता यावी, म्हणून त्याच्याकडून करून घ्यायचं. ऑक्युपेशन म्हणजे माणसाचं रोजचं करणं.

मामांना पटलं. त्यांनी मान डोलावली, थोडा वेळ विचार केला आणि अगदी सरळपणे विचारलं, "दुकानात खिळे गंजलेले निघाले तर मी बदलून देतो. तुझ्या माणसाला नाही जमलं, तर तू काय देणार?"

मी चहा आणते म्हणून आत गेले, ती मामा गाडीत बसेपर्यंत बाहेर आले नाही.

*

सेंटरवरच्या पहिल्याच दिवशी चित्रे मॅडमनी आमचा उजवा हात बँडेजनं अंगाशी बांधला आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एक शर्ट टाकला. "घाला. बटणंसुद्धा लावा."

हे सगळं पेशंटांसमोर. खुर्च्यांवर पाचसहा जण बसलेले. त्यात म्हात्रेकाका होते. त्यांची उजवी बाजू गेलेली, वाचाही अर्धी गेलेली. ते रागातच बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.

डाव्या हातानं बटण धरलं की काज सापडत नव्हतं, काज सापडलं की बटण निसटत होतं. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला आणि तो पुसायलाही हात नव्हता. नसीमानं पहिलं बटण तिसऱ्या काजात घातलं आणि ती रडायच्या बेतात आली. मला वाटलं, आता मॅडम आम्हाला घरी पाठवणार.

तेवढ्यात म्हात्रेकाकांचे ओठ हलले. एकेक शब्द ओढून काढल्यासारखे ते म्हणाले, "घाई... नको."

आम्ही तिघी थांबलो. मॅडमही थांबल्या.

काकांनी दम घेतला. "मी... हाय... हितंच."

*

मधल्या खोलीत प्लास्टिकचा पूर्ण सांगाडा उभा होता. प्रमिलाताई त्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हती.

"खोटा आहे, ताई."

"खोटा हाय ते मना पन ठावं हाय. पन त्याला ठावं हाय का?"

शेवटी मी आणि नसीमानं तिला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं. तिनं डोळे मिटलेलेच. मॅडम म्हणाल्या, "याच्या हाताला हात लावा, मगच बाहेर." ताईनं पदराचं टोक बोटांवर गुंडाळलं, त्या पदरातून सांगाड्याचं मनगट चिमटीत धरलं आणि डोळे मिटूनच म्हणाली, "बरा हाव ना, दादा?"

त्यानंतर तो आमच्या सेंटरवर दादा झाला. पण ताई त्याच्याकडे पाठ करून कधी बसली नाही.

*

सगळ्यात जास्त छळलं ते मनगटाच्या हाडांनी. तिथं आठ लहान लहान हाडं आणि आठांची आठ इंग्रजी नावं. प्रमिलाताईनं पुस्तक सोडून कितीतरी वर्षं झालेली. पाठ करायला बसली की तिच्या छातीत धडधडायचं. एकदा ती पुस्तक मिटून म्हणाली, "माझी मुलगी माझा अभ्यास घेते. चुकले की तोंड लपवून हसते. मना तिच्यासमोर नापास व्हायचं न्हाय."

मग तिनं एक युक्ती काढली. आठही हाडांना सासरच्या माणसांची नावं दिली. कॅपिटेट सगळ्यात मोठं आणि मधोमध, ती सासू. हॅमेटला हुकासारखा आकडा असतो, तो बोलता बोलता टोचणारा चुलतसासरा. स्कॅफॉइड अंगठ्याच्या बाजूचं, पडलं-झडलं की पहिलं मोडणारं, ती थोरली जाऊ. आठवडाभरात तिला सगळं पाठ झालं. उलट, सुलट, कुठूनही.

चित्रे मॅडमनी तोंडी परीक्षा घेतली. दादाचं मनगट पुढं केलं आणि पेन्सिल एका वाटाण्याएवढ्या हाडावर ठेवली. पिसिफॉर्म. ते दुसऱ्या हाडाच्या वर चढून बसलेलं असतं.

भीतीनं ताईचं इंग्रजी सगळं उडालं, राहिलं ते सासर.

"बोला, प्रमिला. सोपं आहे."

"नणंद," ताई म्हणाली.

मॅडमना काही कळेना. "कोण?"

"धाकटी नणंद, मॅडम. दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेली."

*

नसीमाची भीती वेगळी होती. तिला माणूस उचलायची भीती वाटायची.

पेशंटला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत कसं बसवायचं हे मॅडमनी दाखवलं. आपले गुडघे वाकवायचे, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला धरायचं, तीन आकडे मोजायचे आणि दोघांनी मिळून उठायचं. प्रमिलाताई पेशंट झाली. नसीमानं सगळं बरोबर केलं. खुर्ची लावली, ब्रेक लावला, पट्टा धरला. "एक, दोन, तीन," ती म्हणाली आणि तशीच वाकून उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा."

"एक, दोन, तीन." पुन्हा तेच. तिचे हात पट्ट्यावर पांढरे पडले होते.

तिसऱ्या वेळी ती पलंगावर बसली आणि तिनं सांगितलं. तिची नानी. न्हाणीघरातून बाहेर आणताना नानीचा तोल गेला, नसीमाचा हात सुटला आणि नानीचा खुबा मोडला. नानी नंतर उठलीच नाही. घरात कुणी नसीमाला एक शब्द बोललं नाही. "बोलले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा पलंगाकडे बोट दाखवलं. नसीमा उठली. पट्टा धरला. "एक, दोन, तीन."

आणि परत थांबली.

पलंगावरून प्रमिलाताईचा आवाज आला, अगदी हळू. "तीनच्या पुढं चार पन येतं गो. मना काय घाई न्हाय."

नसीमानं चार म्हटलं आणि उचललं.

*

मुलाखतीची तालीम चित्रे मॅडमच्या मिस्टरांनी घेतली. ते बँकेतून रिटायर झालेले, आवाज भारदस्त. त्यांनी मुद्दाम टाय लावला होता. नसीमा समोर बसली तेव्हा तिच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं.

"टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ."

"येस सर."

"व्हाय डू यू वाँट टु जॉइन धिस कोर्स?"

"येस सर."

"व्हॉट विल यू डू इफ अ पेशंट रिफ्यूजेस?"

"येस सर."

सरांनी टाय सैल केला आणि मराठीत विचारलं, "बाळ, तू घाबरली आहेस का?"

"येस सर," नसीमा म्हणाली. मग जरा विचार करून तिनं विचारलं, "सर, हे एक तरी बरोबर आलं का?"

*

आता माझ्या घरचं. मी या वाटेला लागले ते बाबांमुळे. त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला. त्या हाताला हात लावायला मला भीती वाटायची. थंड असायचा. चित्रे मॅडमच्या सेंटरवरची एक असिस्टंट घरी येऊन त्यांच्याकडून करून घ्यायची. कप धरणं, चमचा धरणं, टॉवेल पिळणं. ती त्यांचा हात असा धरायची, जसा आपण कुणाचाही धरतो. ते पाहून मला वाटलं, हे मला यायला पाहिजे.

परीक्षेच्या आधीचे दिवस. मी आत वाचत होते. पडवीतून अडकित्त्याचा आवाज आला. झटक्यानंतर बाबांनी अडकित्ता हातात घेतला नव्हता. मी दाराआड जाऊन उभी राहिले. बाबा सुपारी डाव्या हातात धरून उजव्या हातानं अडकित्ता दाबायला बघत होते. बोटं पात्याच्या किती जवळ होती ते मला दिसत होतं. धावत जाऊन अडकित्ता काढून घ्यावा असं वाटलं. पण मॅडमनी शिकवलेलं, जे त्याला करायचंय ते करू द्या, हात पुढं करू नका. मी चौकट धरून उभी राहिले. अडकित्ता सटकला. परत लावला. परत सटकला.

मान न वळवता बाबा सावकाश म्हणाले, "मेधा, तू श्वास धरलायस तो आधी सोड. त्याच्या धाकानं माझा हात चालत नाही."

मी श्वास सोडला. सुपारी काही त्या दिवशी फुटली नाही. पण बोटं दहाच्या दहा राहिली.

*

निकाल सांगून टाकते. नसीमाला प्रवेश मिळाला. प्रमिलाताईला मिळाला. मला नाही. लेखीत मी दोघींच्या पुढं होते, मुलाखतीत राहिले. यंदा पुन्हा बसणार आहे. दोघी सुट्टीला आल्या की माझा अभ्यास घेतात आणि परीक्षेचं नुसतं नाव काढलं तरी मी अजून चहा आणते म्हणून आत पळते.

आता ताईच्या मुलाखतीचं. हे थोडं मी काचेच्या दारातून पाहिलं, थोडं ताईनं परतीच्या एसटीत सांगितलं.

पनवेलकडच्या कॉलेजात मुलाखत होती. टेबलामागं तीन परीक्षक. आणि बाजूला खुर्चीत एक आजी, खरोखरच्या पेशंट. डावा हात त्यांनी पदराखाली लपवलेला. उमेदवारानं त्यांच्याशी बोलायचं आणि तो हात वापरायला त्यांना तयार करायचं, एवढीच परीक्षा. नसीमाची मुलाखत आदल्या दिवशी झाली होती, माझा नंबर ताईच्या आधी होता. मी पाठ केल्याप्रमाणं सगळं बोलले. नमस्कार आजी, माझं नाव मेधा, आपण हा पेला धरून बघू या का? आजींनी खिडकीकडं तोंड केलं, ते मी उठेपर्यंत वळवलं नाही. माझ्याआधीच्यांचंही तेच झालं होतं.

मग ताई आत गेली. आजींच्या समोर बसली. हात मांडीवर होते, ते इतके कापत होते की काकणं एकमेकांवर वाजायला लागली. ती किणकिण मला बाहेर ऐकू येत होती. ताईनं एक हात दुसऱ्यानं दाबून धरला, तर दोन्ही वाजायला लागले. परीक्षकांनी लिहायला सुरुवात केली.

आजींनी खिडकीकडून मान वळवली. काकणांकडे बघितलं.

"काय झाला गो?"

"भ्या वाटतं," ताई म्हणाली.

"कोनाचा?"

ताईनं टेबलाकडं नजर टाकली. "त्यांचा. आनि तुमचा पन."

आजींचा पदर हलला. डावा हात बाहेर आला, बोटं वाकलेली, मध्येच थांबत, परत पुढं सरकत. तो ताईच्या मांडीपर्यंत आला, काकणांवर टेकला आणि किणकिण बंद झाली.

टेबलामागच्या बाई अर्ध्या उठल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

उत्तर आजींनीच दिलं, हात तसाच ठेवून.

"तिला कोनी पानी द्या आधी," त्या म्हणाल्या. "मंग विचारा काय ता."