कोपऱ्यातला वास

फरशीवाल्याला सगळे नाकमुरडे म्हणत. ओल्या पोत्यांची, दुसऱ्याच्या घामाची, दुसऱ्याच्या कामाची, सगळ्याचीच त्याला किळस. बायको म्हणायची, "तुम्ही जन्मलात तेही नाक दाबूनच."

त्या घरात जमिनीखाली गरम पाण्याचे पाईप होते, वर सिमेंटचा थर. फरशी बसवण्याआधी तो थर हळूहळू तापवून पुरता वाळवायचा असतो. ओल राहिली की फरश्या सुटून वर येतात. पाईप टाकणारा त्याचा मेहुणाच. त्याने पाणी तापवलं आणि तळमजल्यावरच्या खोलीच्या कोपऱ्यातून वास उठला. मुताचा. थंड जमिनीत निपचित पडलेला, ऊब लागताच जागा झालेला.

नाकमुरडे मेहुण्याकडे बघत राहिला.

"बघता काय, भाऊजी? काम चालू होतं तेव्हा इथे संडास नव्हता. ठोका वर फरशी, गाडला जाईल."

"दर थंडीत सांध्यांतून वर येईल."

"येऊ दे की. म्हातारीची खोली आहे. तिच्या नावावर खपेल."

हे तो हसत म्हणाला.

संध्याकाळी मालकीण सासूला खोली दाखवायला घेऊन आली. दारातच तिने नाकाला रुमाल लावला आणि सासूकडे पाहिलं. म्हातारीने हळूच आपल्या कपड्यांवरून मागून हात फिरवला, खात्री करून घ्यावी तसा.

नाकमुरडे पुढे झाला.

"आजींचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "आमच्यातल्याच एकाची घाण आहे. मी काढतो."

त्या गेल्यावर मेहुणा फणफणला. "घरचं घरात ठेवता येत नाही? आणि छिन्नीने पाईप फुटला म्हणजे?"

"पाणी तापव आणि गप्प बस."

त्याने कोपऱ्यात पाणी शिंपडलं. पाईपांवरचे पट्टे आधी वाळले, पाईप कुठून गेलेत ते दिसलं. तिथला नुसता पापुद्रा काढून मधली जागा त्याने खोल खरवडली. धूळ तोंडात गेली, दातांवर बसली. नातं म्हणजे काय, ते दातांखाली करकरत होतं.

नवा थर भरला, तो वाळल्यावर पुन्हा तापवला.

"आता नाक लाव," तो मेहुण्याला म्हणाला.

"तुम्हीच हुंगा. तुमच्या नाकाची ख्याती."

"माझं नाक विटलंय. आता त्याला भातातही तोच वास येतो. लाव."

मेहुणा ओणवा झाला. "नाही येत."

"खोटं बोललास तर म्हातारी भोगेल."

मेहुणा पुन्हा वाकला. या वेळी गाल जमिनीला टेकवून, भिंतीच्या कडेकडेने सरकत गेला.

"इथे येतोय थोडा," तो म्हणाला आणि छिन्नीसाठी हात पुढे केला.

नाकमुरडेने ती दिली, तोंड फिरवूनच.