चंद्रव्वाचा हातगुण

दुधनीच्या पलीकडं आमचं गाव. अर्धं मराठीत बोलतं, अर्धं कन्नडमध्ये भांडतं. या गावात नागप्पा ताठ मानेनं चालायचा. बीटी कपाशी गावात आधी त्यानंच आणली. अळी पान खाते आणि बोंडापर्यंत पोचायच्या आत मरते, हे तो पारावर इतक्या ऐटीत सांगायचा, की जणू ते बी त्यानंच घडवलं होतं.

त्या काळी बीटीच्या डब्यात एक लहान पुडीही असायची. तिच्यात साधं बी. दुकानदारानं सांगितलं, "हे रानाच्या कडेनं लावा. अळीला तितं खाऊ द्या, म्हंजे ती बीटीला सरावत न्हाय."

नागप्पा हसला. "अळीला जेवू घालायला मी काय अक्कलकोटचं अन्नछत्र काढलंय?"

पुड्या त्यानं लावल्या नाहीत, पण टाकून देणंही जिवावर आलं. त्याच सुमाराला थोरली भावजय चंद्रव्वा बी मागायला आली. तिचा नवरा शिवपुत्र सोलापुरात चादरीच्या कारखान्यात. रान ती एकटीच बघायची. नागप्पानं सगळ्या पुड्या तिच्या पदरात घातल्या.

"बीटीच हाय न्हवं, भावजी?"

"व्हय की, वैनी. माझ्यातलंच दिलंय. अळीचं औषध फवारायचीबी गरज न्हाय."

आणि चंद्रव्वा गावभर सांगत सुटली, दीर असावा तर असा.

तिचा हातगुण आसपासच्या वाड्यावस्त्यांत नावाजलेला. ज्वारी पेरताना चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या त्या लाकडी वाटीत, पहिली मूठ तिनंच सोडायची. तिच्या मुठीनं कणीस भरतं, अशी लोकांची समजूत, तिची स्वतःचीही. दागिन्यांचा, माहेराचा तिला कधी तोरा नव्हता. तोरा होता तो त्या एका मुठीचा.

भाद्रपदात तिच्या कपाशीत हिरवी अळी पडली. बांधाच्या अलीकडं नागप्पाची बोंडं टच्च भरलेली, पलीकडं चंद्रव्वाची पोखरून गळालेली. एकच आभाळ, एकच माती, आणि लोकांच्या हिशेबी बीही एकच. मग दोष उरला तो हाताचा.

ज्वारीच्या पेरणीला ती नेहमीसारखी गावातल्या गुरप्पाच्या रानात गेली. बैल जुंपलेले होते. गुरप्पा नजर चुकवत म्हणाला, "अव्वा, औंदा ऱ्हाऊ दे. आमची निंगव्वा सोडंल मूठ."

पुढं केलेला हात तिनं पदराखाली घेतला आणि बांधानं चालू लागली. पेरणीच्या मदतीला आलेला नागप्पा तिथंच उभा होता. बैलाच्या दाव्याची गाठ तो पुन्हा पुन्हा आवळत राहिला. गाठ घट्टच होती.

त्याच्या रानात पेरायच्या दिवशी चंद्रव्वा आलीच नाही. तो बोलवायला गेला, तर दारातूनच म्हणाली, "नगं, भावजी. तुमी चांगलं बी दिलं अन् माझ्या हातानं त्याची माती झाली. तुमचं रान तरी वाचू दे."

नागप्पा उंबऱ्यापाशी खाली बसला.

"वैनी, हात चांगलाच हाय. बी बीटी नव्हतं. कडंला लावायचं साधं बी हुतं ते."

चंद्रव्वा उंबऱ्यापर्यंत पुढं आली. "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"व्हय."

"गुरप्पाच्या रानात तुमी हुता की."

"हुतो."

"मग हितं माझ्या दारात काय सांगता? तितं सांगायचं."

तो उठला आणि पारावर गेला. बसलेल्या माणसांपुढं त्यानं सगळं सांगितलं. कुणीतरी खदखदून हसलं, "अळीच्या वाटणीचं भावजयीला वाढलंस की रं!" गुरप्पा मात्र हसला नाही. "आसंल तुझं खरं," तो म्हणाला, "पण एकदा मनात बसलं ते बसलं. पेरणीला लई भ्या वाटतं."

नागप्पाच्या रानात त्या वर्षी पहिली मूठ त्यानं स्वतःच सोडली. चंद्रव्वा पुढंही कधी त्याच्या रानात आली नाही. बाकीच्या काहींनी तिला हळूहळू बोलावलं, काहींनी नाहीच. म्हणून दरसाल पेरणीच्या तोंडावर नागप्पा त्या उरलेल्या दारांत जाऊन उभा राहतो. मान खाली असते. खोटं त्याला एकदाच बोलावं लागलं होतं. खरं मात्र दरवर्षी पहिल्यापासून सांगावं लागतं.

"बी साधं हुतं. फसवलं ते मी. वैनीला बोलवा."

घरातली माणसं त्याला चहाला थांब म्हणतात. तो थांबत नाही. पुढच्या दारी जातो.